नेटबीन्समध्ये ग्लासफिश आपोआप दिसतं, एक्लिप्समध्ये शोधावं लागतं – ही मंडळी एकमेकांशी बोलतात की नाही?

नाशिकचा_कोडर:

नमस्कार मंडळी. आमच्याकडे एक जुनं प्रॉडक्ट आहे, ग्लासफिश ४ (जावाची ॲप चालवणारा सर्व्हर) वर चालतंय, आता कस्टमरला नवीन जावा पाहिजे म्हणून वाइल्डफ्लायवर (तसलाच दुसरा सर्व्हर) जायचं की नवीन ग्लासफिश घ्यायचं यावर रोज मीटिंगा चालल्यात. टीममध्ये अर्धे नेटबीन्सवाले (कॉलेजच्या प्रॅक्टिकलपासूनची सवय, सुटत नाही) आणि अर्धे एक्लिप्सवाले, दोन्ही आयडीई, म्हणजे कोड लिहायची टूलं. नेटबीन्समध्ये सर्व्हिसेस टॅबला जाऊन ॲड सर्व्हर केलं की ग्लासफिश, वाइल्डफ्लाय, टॉमकॅट सगळे रांगेत उभे. एक्लिप्समध्ये तेच करायला गेलो तर टॉमकॅट तेवढा दिसतो, बाकीच्यांसाठी वेगळं ॲडाप्टर (आयडीईला त्या सर्व्हरशी जोडणारं प्लगिन) डाउनलोड करा म्हणतं, आणि ते केल्यावर सुद्धा व्हर्जन जुळत नाही म्हणून रडतं. एका जुन्या लॅपटॉपवरच्या एक्लिप्समध्ये तर ऑब्जेक्टवेब नावाचा फोल्डर आहे आणि त्यात जोनास नावाचा सर्व्हर, तो इथे कुणी वापरलेला मला तरी माहीत नाही.

माझा प्रश्न असा की हे सगळंच ओपन सोर्स आहे ना? मग टूलवाले आणि सर्व्हरवाले एकत्र बसून एकदाच नीट का करत नाहीत? आणि मुद्द्याचं म्हणजे नवीन काम सुरू करताना आयडीई आणि सर्व्हरची जोडी कशी निवडायची? मॅनेजर म्हणतो सगळ्यांनी एकच आयडीई वापरा, ते तर होणार नाहीये, मारामाऱ्या होतील.

जुनाजाणता_ईजेबी:

तुमच्या त्या जोनासच्या फोल्डरमध्येच अर्धं उत्तर आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

एक्लिप्स आयबीएमने २००१ मध्ये ओपन सोर्स केलं, २००४ मध्ये त्याचं स्वतंत्र फाउंडेशन झालं. तोपर्यंत एक्लिप्स म्हणजे नुसता जावा लिहायचा चांगला एडिटर, वेब किंवा ईजेबीचं (सर्व्हरवर चालणारे जावाचे घटक) काही करायचं तर ज्याला जे सापडेल ते प्लगिन. मग वेब टूल्स प्लॅटफॉर्म नावाचं प्रोजेक्ट निघालं, आपण सगळे डब्ल्यूटीपी म्हणतो ते. त्याला सुरुवातीचा कोड दोन बाजूंनी आला, एक आयबीएमकडून आणि दुसरा लोंबोझ नावाच्या प्लगिनमधून, आणि लोंबोझ होतं ऑब्जेक्टवेबच्या छत्राखाली. ऑब्जेक्टवेब ही फ्रान्समधून चालणारी ओपन सोर्स मिडलवेअरवाल्यांची संघटना, जोनास हा त्यांचाच ॲप्लिकेशन सर्व्हर. म्हणजे सर्व्हर बनवणाऱ्या कम्युनिटीने टूल बनवणाऱ्या कम्युनिटीच्या घरात जाऊन काम केलं असं ते उदाहरण आहे, म्हणून जोनासला तिथे फोल्डर मिळाला. डब्ल्यूटीपी १.० आलं डिसेंबर २००५ ला. पुढे ऑब्जेक्टवेबचं ओडब्ल्यू२ झालं, जोनास मागे पडला, फोल्डर मात्र राहिला.

त्यावेळी डब्ल्यूटीपीवाल्यांनी एक धोरण ठरवलं, त्याचा त्रास तुम्हाला आज होतोय. त्यांनी सगळ्या सर्व्हरची ॲडाप्टरं स्वतः लिहिली नाहीत. सर्व्हर सुरू करणे, बंद करणे, पब्लिश करणे, डीबग करणे याचा एक सांगाडा दिला, टॉमकॅटचं ॲडाप्टर स्वतः लिहिलं, आणि बाकीच्यांसाठी एक जेनेरिक सोय ठेवली, एक एक्सएमएल फाइल लिहायची, त्यात कुठली क्लास चालवायची, कुठले जार (जावा लायब्ररीच्या फाइली) लागतात, कुठला पोर्ट वगैरे. थोडक्यात डबा पार्टी. जागा एक्लिप्सची, डबा ज्याचा त्याने आणायचा. जेबॉसवाल्यांनी (वाइल्डफ्लायचं जुनं नाव जेबॉस) डबा आणला, अपाचे जेरोनिमोवाल्यांनी आपलं एक्लिप्स प्लगिन स्वतःच्याच प्रोजेक्टमध्ये सांभाळलं. ज्यांनी आणायचं सोडलं त्यांच्या नावाचं ताट रिकामं.

नेटबीन्सचा प्रकार वेगळा. ते मूळचं प्रागच्या विद्यार्थ्यांचं १९९६ चं प्रोजेक्ट, सन कंपनीने १९९९ मध्ये घेतलं आणि २००० मध्ये ओपन सोर्स केलं. ग्लासफिश पण सनचंच, २००५ मध्ये सोर्स उघडला, २००६ मध्ये पहिलं व्हर्जन. दोन्ही टीमचा पगार एकाच ठिकाणाहून. त्यामुळे डिसेंबर २००९ मध्ये जावा ईई ६ (सर्व्हरवरच्या जावाचं स्टँडर्ड), ग्लासफिश ३ आणि नेटबीन्स ६.८ हे तिन्ही एकाच दिवशी बाहेर आले. त्या काळी नेटबीन्समध्ये फाइल सेव्ह केली की ग्लासफिशवर लगेच डिप्लॉय व्हायची, म्हणजे सर्व्हरवर चढायची, सेशनसुद्धा टिकायचं, एक्लिप्सवाले बघत बसायचे.

गंमत म्हणजे सन कंपनी एक्लिप्स फाउंडेशनमध्ये कधीच आली नाही (एक्लिप्स म्हणजे सूर्यग्रहण, हे नाव सनला डिवचायलाच ठेवलं असं लोक म्हणायचे, आयबीएमने अर्थात कधी मान्य केलं नाही) पण तरीही सनने ग्लासफिशसाठी एक्लिप्सचं प्लगिन काढलं होतं. कारण साधं आहे, डेव्हलपर जिथे बसलाय तिथे सर्व्हरला जावंच लागतं.

पुणेरी_बॅकएंड:

वरच्या दादांनी इतिहास छान सांगितला पण प्रश्नकर्त्याला एक विचारतो, ॲडाप्टर नक्की करतं काय हे टीममधल्या किती जणांना माहितीये? कारण अर्ध्या तक्रारी तिथूनच येतात.

टॉमकॅटचं घ्या. नवीन पोरगा येतो, एक्लिप्समधून टॉमकॅट सुरू करतो, ब्राउझरला लोकलहोस्ट ८०८० टाकतो आणि ४०४. मग म्हणतो टॉमकॅट इन्स्टॉलच नीट झाला नाही. अरे बाबा, झालाय. डब्ल्यूटीपी तुझ्या मूळ टॉमकॅटला हातच लावत नाही, ते वर्कस्पेसच्या आतल्या डॉट मेटाडेटा फोल्डरमध्ये खोल कुठेतरी टीएमपी० नावाचा फोल्डर करतं, त्यात डब्ल्यूटीपीवेबॲप्स नावाचा आणखी एक, आणि कॅटलिना बेस (टॉमकॅटचा कामाचा फोल्डर) तिकडे वळवतं. टॉमकॅटचं स्वागताचं पान मूळ वेबॲप्समध्ये, तू बघतोयस टीएमपी० मधलं, तिथे ते पानच नाही. कॉन्फिग पण वर्कस्पेसमधल्या सर्व्हर्स नावाच्या प्रोजेक्टमध्ये कॉपी झालेलं असतं, त्यामुळे मूळ फोल्डरमधली सर्व्हर डॉट एक्सएमएल बदलत बसलास तर काही फरक पडत नाही.

वाइल्डफ्लायचं बघा, ते जास्त मजेशीर आहे. स्टँडअलोनच्या आत डिप्लॉयमेंट्स फोल्डर असतो. तिथे वॉर फाइल (वेब ॲपचं बांधलेलं पॅकेज) टाकली की स्कॅनर उचलतो. पण उघडा फोल्डर टाकला, म्हणजे एक्सप्लोडेड, तर सांगितल्याशिवाय तो हात लावत नाही, कारण आयडीई अजून फाइली कॉपी करत असेल आणि सर्व्हरने अर्धवट ॲप उचललं तर सत्यानाश. म्हणून शेजारी त्याच नावाची आणि शेवटी डॉट डूडिप्लॉय असलेली रिकामी फाइल ठेवायची. तीच खूण की माझं कॉपी करून झालं, आता घे. सर्व्हर ती काढून टाकतो आणि डॉट डिप्लॉइड ठेवतो, फसलं तर डॉट फेल्ड, त्यात कारण पण लिहिलेलं असतं. डॉट डिप्लॉइड फाइल तुम्ही डिलीट केली तर ॲप खाली उतरतं. एवढं सगळं जेबॉस टूल्स (एक्लिप्ससाठीची जेबॉसची प्लगिनं) गुपचूप करत असतं. मला विचाराल तर दोन कम्युनिटींचं सहकार्य म्हणजे ही रिकामी फाइल, बाकी कॉन्फरन्सच्या स्लाइड आहेत. टूलला सर्व्हरच्या पोटात शिरायला लागू नये आणि सर्व्हरला टूल कुठलं आहे हे कळायला लागू नये, एवढंच पाहिजे असतं.

आणि जेबॉस टूल्स चांगलं का झालं तर २००७ मध्ये रेड हॅटने (जेबॉस, वाइल्डफ्लाय त्यांचंच) एक्झाडेल नावाच्या कंपनीबरोबर हातमिळवणी केली, एक्झाडेलचं विकत मिळणारं एक्लिप्सवालं स्टुडिओ आणि रिचफेसेस (वेब पानांची लायब्ररी) हे सगळं ओपन सोर्स झालं. सर्व्हरवाल्यांनी आयडीईचं काम करायला माणसं बसवली, पैसे देऊन. नेटबीन्समधलं वाइल्डफ्लायचं प्लगिन सुद्धा वाइल्डफ्लायच्याच टीममधल्या माणसाने लिहिलंय. रेड हॅटचं ऑफिस पुण्यात आहे, मिडलवेअर सपोर्ट केलेली बरीच मंडळी मीटअपला भेटतात, त्यांना विचारा, हेच सांगतील.

सायली_के:

मला एक सांगा, यासाठी स्टँडर्ड नव्हतं का? आम्हाला क्लासमध्ये जेएसआर ८८ शिकवलेलं आठवतंय, डिप्लॉयमेंट एपीआय, कुठल्याही टूलमधून कुठल्याही सर्व्हरवर. मग एवढी ॲडाप्टरं कशाला?

जुनाजाणता_ईजेबी:

@सायली ताई, होतं ना. जे२ईई (जावा ईईचं जुनं नाव) १.४ मध्ये, म्हणजे २००३ ला, ते सक्तीचं होतं. नेटबीन्सने ते मनापासून घेतलं, त्यांच्या सर्व्हर प्लगिनचा पायाच जेएसआर ८८ चा. पण त्या एपीआयमध्ये होतं काय, तर आर्काइव्ह घे, सर्व्हरवर टाक, सुरू कर, थांबव, काढ. ॲप सुरू करायचं हां, सर्व्हर नाही. सर्व्हरची प्रोसेस कशी उठवायची, डीबग पोर्ट कुठला, लॉग कुठे, एकच जेएसपी (वेब पानाची फाइल) बदलली तर सगळं वॉर न बांधता कसं पोचवायचं, याबद्दल एक शब्द नाही. डेव्हलपरला दिवसभर नेमकं तेच लागतं. डिप्लॉयमेंट करणारा ॲडमिन डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं स्टँडर्ड होतं ते, त्यामुळे प्रत्येक आयडीईने उरलेलं स्वतःच लिहिलं आणि मग स्टँडर्डचा फायदा तो काय राहिला. जावा ईई ७ मध्ये ऐच्छिक करून टाकलं, २०१३ ला, कुणी अश्रू ढाळले नाहीत.

ठाणे_डेव्हऑप्स:

सगळे सहकार्य सहकार्य करताय, मी जरा विरोधात बोलतो. २०१७ मध्ये ओरॅकलने (सन त्यांनीच विकत घेतली होती) जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनला द्यायचं जाहीर केलं, २०१८ ला जकार्ता नाव ठरलं. ग्लासफिश पण त्यांच्याकडेच गेलं. म्हणजे आता स्पेसिफिकेशन, सर्व्हर आणि आयडीई तिन्ही एकाच फाउंडेशनमध्ये. नेटबीन्स मात्र गेलं अपाचेकडे, २०१६ मध्ये. आता प्रश्नकर्ता काय सांगतोय? ग्लासफिश एक्लिप्स फाउंडेशनचं असून एक्लिप्समध्ये शोधावं लागतं आणि अपाचेच्या नेटबीन्समध्ये आयतं मिळतं. कागदावर बघितलं तर उलटं असायला पाहिजे होतं.

कारण फाउंडेशन कुणाला कोड लिहायला बसवत नाही हो. ते ट्रेडमार्क बघतं, लायसन्स बघतं, इन्फ्रा देतं. कोड लिहितात कंपन्यांचे लोक, आणि कंपनीचं लक्ष उडालं की ॲडाप्टर मरतं, रिपॉझिटरी तशीच उघडी राहते. ओरॅकलने २०१३ ला ग्लासफिशचा कमर्शियल सपोर्ट बंद करणार म्हणून जाहीर केलं तेव्हा हेच झालं. त्यातून पायारा निघालं, ग्लासफिशचाच फोर्क (तोच कोड घेऊन केलेला वेगळा सर्व्हर), आणि पायारावाल्यांनी काय केलं तर एक्लिप्स, नेटबीन्स सगळ्यांसाठी टूल स्वतः लिहायला घेतली, कारण त्यांचं पोट त्यावर आहे. एक्लिप्सच्या यादीत नाव दिसतंय का हे बघू नका, त्या ॲडाप्टरला शेवटचा कमिट (कोडमध्ये केलेला बदल) कधी झालाय आणि कुणी केलाय ते बघा.

आणि जावाएक्स (जावा ईईच्या पॅकेजची नावं यानेच सुरू व्हायची) ते जकार्ताचा घोळ कोण विसरलंय. ओरॅकल आणि फाउंडेशनचं जावाएक्स नावावर जमलं नाही, म्हणून जकार्ता ईई ९ मध्ये सगळ्या पॅकेजची नावं बदलली, डिसेंबर २०२०. फीचर नवीन जवळपास शून्य, नुसतं नाव. एका रात्रीत सगळ्या आयडीईचे विझार्ड, टेम्प्लेट, व्हॅलिडेटर जुने झाले.

पुणेरी_बॅकएंड:

@ठाणे पैशाचं आणि शेवटच्या कमिटचं पटलं, पण जकार्ता ९ वर अन्याय करताय. फीचर न घालता फक्त नाव बदललं ते मुद्दामच, टूलवाल्यांना आणि सर्व्हरवाल्यांना आधी तेवढंच पचवता यावं म्हणून. फीचर मग १० मध्ये आली, २०२२ ला. टॉमकॅटवाल्यांनी तर जुनं वॉर घेऊन आतली नावं बदलून देणारं मायग्रेशन टूल काढलं, एक्लिप्समध्ये ट्रान्सफॉर्मर नावाचं प्रोजेक्ट झालं त्याच कामाला. याला सहकार्य नाही तर काय म्हणायचं.

हां, एक्लिप्समध्ये डायनॅमिक वेब मॉड्यूलचं व्हर्जन बदलता येत नाही म्हणून जो लाल एरर येतो त्यावर इथे दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. तिथे गणित लक्षात ठेवा. टॉमकॅट ९ म्हणजे सर्व्हलेट (ब्राउझरच्या रिक्वेस्ट हाताळायचं स्टँडर्ड) ४, जावाएक्स. टॉमकॅट १०.० म्हणजे सर्व्हलेट ५, जकार्ता. टॉमकॅट १०.१ म्हणजे सर्व्हलेट ६. प्रोजेक्टचं फॅसेट, म्हणजे तेच वेब मॉड्यूलचं व्हर्जन, ५ आणि रनटाइम टॉमकॅट ९ ठेवलात तर एक्लिप्स बरोबरच रडतंय, त्याला शिव्या देऊ नका.

नाशिकचा_कोडर:

एवढं मिळेल वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. पण मूळ प्रश्न राहिलाच की. आमची टीम अर्धी इकडे अर्धी तिकडे, त्यात दोन नवीन मुलं व्हीएस कोड घेऊन आलीत, ती म्हणतात एक्लिप्स आमच्या बाबांच्या जमान्यातलं. आता काय करू?

कोकणातून_रिमोट:

इतका वेळ वाचत होतो, आता बोलतो. तुम्ही आयडीई आणि सर्व्हरची जोडी निवडताय ना, ते सोडून द्या. मधल्या काळात सर्व्हरवाल्यांनी डोकं चालवलं आणि आयडीईच्या ऐवजी मेव्हनच्या (प्रोजेक्ट बिल्ड करायचं टूल) प्लगिनमध्ये ती सोय घातली. लिबर्टीला (आयबीएमचा सर्व्हर) डेव्ह मोड आहे, वाइल्डफ्लायच्या मेव्हन प्लगिनमध्ये पण डेव्ह नावाचा गोल (मेव्हनची कमांड) आहे. टर्मिनलला एमव्हीएन वाइल्डफ्लाय:डेव्ह मारा, तो सोर्सवर नजर ठेवतो, फाइल बदलली की कंपाइल करून परत डिप्लॉय करतो. आयडीई कुठला आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, नोटपॅड उघडून बसलात तरी चालेल. सर्व्हर डीबगमध्ये सुरू केला तर वाइल्डफ्लाय ८७८७ वर ऐकतो, ग्लासफिश ९००९ वर, रिमोट अटॅच सगळ्या आयडीईंना येतं. प्रत्येक आयडीई गुणिले प्रत्येक सर्व्हर गुणिले प्रत्येक व्हर्जन एवढी ॲडाप्टरं कुणी सांभाळायची, हा हिशोब कधीच बसणार नव्हता.

तसंच एडिटरच्या बाजूला पण झालंय. २०१६ ला मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांनी मिळून लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल पुढे आणला, म्हणजे एडिटर आणि भाषेचं टूल यांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत. तुमची व्हीएस कोडवाली मुलं जावाचं जे एक्स्टेंशन वापरतात ना, रेड हॅटचं, त्याच्या पोटात एक्लिप्सचंच जेडीटी (जावा कोड समजून घेणारं इंजिन) आहे. त्यांना सांगा, बाबांचंच जेवताय. सर्व्हर चालू-बंद करायला रेड हॅटने त्याच धर्तीवर रनटाइम सर्व्हर प्रोटोकॉल पण काढलाय, व्हीएस कोडमध्ये सर्व्हर कनेक्टर शोधा. तो लँग्वेज सर्व्हरइतका सगळ्यांनी उचलला नाही, त्यामुळे त्यावर टीम उभी करायला मी सांगणार नाही, पण वाइल्डफ्लायला बघायला हरकत नाही.

ठाणे_डेव्हऑप्स:

मेव्हनवालं बरोबर आहे, फक्त प्रोजेक्ट आधी मेव्हनवर असायला पाहिजे. ग्लासफिश ४ च्या काळातलं नेटबीन्स प्रोजेक्ट बहुतेक अँटवर (मेव्हनच्या आधीचं बिल्ड टूल) असतं, एनबीप्रोजेक्ट नावाचा फोल्डर दिसतोय का बघा. तो असेल तर बिल्डच आयडीईला बांधलेलं आहे, एक्लिप्सवाल्यांनी टीममध्ये वर्षानुवर्षं काय सहन केलं असेल देव जाणे.

नाशिकचा_कोडर:

आहे तो फोल्डर 😅 एक्लिप्सवाल्यांनी स्वतःची वेगळी बिल्ड फाइल केलीये, ती कमिट करत नाहीत.

कोकणातून_रिमोट:

मग क्रम असा ठेवा. आधी सर्व्हर न बदलता मेव्हनवर या, ग्लासफिश ४ वर तसंच चालवा, त्यासाठी कार्गो प्लगिन आहे, ते जुने सर्व्हर पण ओळखतं. ते स्थिर झालं की जावाएक्सचं जकार्ता करा आणि त्याच वेळी सर्व्हर बदला, थेट जकार्तावाल्या सर्व्हरवर जाताना ते दोन वेगळे करता येत नाहीत. ग्लासफिश ७ आणि वाइल्डफ्लाय २७ हे दोन्ही जकार्ता ईई १० वर आहेत, त्यामुळे कोड बराचसा सारखाच राहील. ग्लासफिशच्या स्वतःच्या डिस्क्रिप्टर (कॉन्फिगच्या) फाइली, डेटासोर्स आणि जेएमएसची (मेसेजिंगची) नावं, हे हाताने फिरवावं लागेल, त्याला वेळ धरा, मॅनेजरने दिलेल्या वेळेच्या दुप्पट. आणि सर्व्हर निवडताना वाइल्डफ्लाय की ग्लासफिश याचं मला काही नाही, पण कस्टमरला सपोर्ट कॉन्ट्रॅक्ट लागणार असेल तर ते आधी विचारून घ्या, त्यावरूनच ठरेल.

सायली_के:

आणि त्या एक्लिप्सवाल्यांची न कमिट केलेली बिल्ड फाइल फेकू नका हां, मेव्हनवर जाताना कुठले जार खरंच लागतात ते बहुतेक त्यातच नीट लिहिलेलं सापडेल.